जिन्यातली काच

पाडवा अकरा दिवसांवर. फ्लॅटमागे सव्वादोन हजार.
हलगेबाईंनी दोन हप्त्यांत दिले,
डॉक्टरांनी पावती मागितली आधी, पैसे मग.
औसा रोडच्या आमच्या इमारतीला
सोळा वर्षांनी रंग लागतोय.

कोणता, यावर तीन बैठका.
पिस्ता नको, दवाखाना वाटतो.
पांढरा नको, लातूरची धूळ, त्यात उन्हाळा तोंडावर.
शेवटी बिडवे वैतागून म्हणाले, मग धुळीचाच रंग द्या की,
आणि कॅटलॉगात तो सापडलासुद्धा.
त्याला तिथे ‘बदामी पहाट’ म्हणतात.

रविवारी सगळे खाली उतरले.
टँकरच्या पाण्याला हात लावायचा नाही,
घरटी एक बादली, धुण्याचं शेवटचं निवळ.
वीस फ्लॅट, एकाला कुलूप, एकोणीस बादल्या.
साबणाचा, निळीचा,
कुणाच्या तरी नव्या चादरीच्या लालाचा ओघळ
पार्किंगभर फिरून गेटपाशी आला,
तुळशीरामने फावड्याच्या एका खेचीत
तो कडुलिंबाच्या आळ्यात वळवला.
लिंब ऐन मोहरात. झाडलेल्या फरशीवर
लगेच पुन्हा बारीक पांढरी फुलं.
ह्याला कुणी सांगावं मॅडम, म्हणाला,
सफाई चालू हाय म्हणून.

मग जिन्यातून खय्यूम पेंटरची हाक.
पहिल्या-दुसऱ्या मजल्यामध्ये भिंतीला तिरपी भेग,
भेगेवर आडवी, बोटाएवढी काच,
दोन्ही टोकांना सिमेंटचे ठिपके,
खाली पेन्सिलीत: १४-१०-९३.
खरडू का हिला?

मी सेक्रेटरी, गेल्या जूनपासून.
लग्न होऊन आले तेव्हापासून ही काच बघते,
लाईटच्या मीटरची काहीतरी असेल
असं धरून चाललेले.

हलगेबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.
काढलालाव का? नका काढू.
गणपती बुडवून झोपलो त्याच पहाटेचं हे.
पंधरा दिवस खाली ताडपत्रीत होतो सगळे,
जिना चढायला कोण तयार नव्हतं.
मग इंजिनिअर आला, म्हातारा,
त्यानं ही चिकटवली. म्हणाला,
भिंत हलली तर आधी ही तडकंल.
ही शाबूत हाय तवर निवांत झोपा.
आमचे हे रोज रात्री बॅटरी घेऊन उतरायचे,
काच बघायचे, मग कडी लावायचे.
हे गेल्यावर मी.

डॉक्टरांनी मोबाईलचा उजेड धरला.
वरच्या मजल्यावरची पोरं वाकून बघू लागली.
काचेला तडा नव्हता. मागे
पहिल्या रंगाची पट्टी, आभाळी,
जी आमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलेलीच नाही.

खय्यूम डबा ढवळत राहिला.
मी आठ वर्षांचा होतो, म्हणाला.
आमच्या गावात काच लावायला
भिंतच राहिली नव्हती.
आणि बटणांना लावतात ती कागदी पट्टी
काढून त्याने काचेवर चिकटवली,
चारी बाजूंनी अंगठा फिरवून.

संध्याकाळी इतिवृत्त लिहिलं.
ठराव चौथा: जिन्यातील काच आहे तशी राहील.
सूचक: श्रीमती मंदाकिनी हलगे.
अनुमोदक: खय्यूम पेंटर.
ते सभासद नाहीत,
हे डॉक्टरांनी सही करताना लक्षात आणून दिलं.
बरोबर आहे.
मी पेन टोपणात घातलं.