खर्चाची बाजू

फोंड्याला कोर्टाच्या जिन्याखाली एक माणूस
कोर्टाची तिकिटं आणि उकडलेले शेंगदाणे विकतो.
त्याच्याकडून मी वही घेतली, लांबट, लाल पुठ्ठ्याची.
वकील फुर्तादबाई म्हणाल्या होत्या,
विश्वस्ताने हिशेब ठेवायचा असतो,
मेल्यावरसुद्धा कोणी विचारू शकतं.
कुणाच्या मेल्यावर, ते मी विचारलं नाही.

मालमत्तेची यादी मीच दिली, शपथेवर:
सावईचं कुळागर, पोफळी आठशे चाळीस
(उल्हास म्हणाला, आठशे अकरा,
वाऱ्याने पाडलेल्या कशाला मोजतेस)
जायफळाची सहा झाडं, त्यांतलं एक नर,
पंप, बँकेतली ठेव,
पाटाच्या पाण्याची गुरुवारची पाळी,
आईच्या चार पाटल्या.
आनूला कुठल्या रकान्यात घालायचं
ते विचारायचं राहिलं.

अर्धं आईचं, अर्धं बाबांचं, हा इथला जुना कायदा.
त्या अर्ध्यातलं अर्धं आम्हा तिघांचं, न मागता.
उरतं तेवढ्यावरच माणसाचं मन चालतं.
बाबांनी ते मन तीन ओळींत संपवलं:
धाकटा मुलगा अनंत याच्या निर्वाहासाठी,
तो आहे तोवर,
मुलगी ललना हिच्या विश्वासावर.

मला विचारलं नव्हतं.
एवढा विश्वास ठेवायचा तर
एकदा फोन तरी करायचा.

बोली तोंडी झाली.
उल्हास माझ्याकडे न बघता आकडा चढवत गेला,
शेजारी वहिनी, तिचीही सही लागते म्हणून आलेली.
मी आनूच्या वतीने चढवत होते,
दुसऱ्याच्या पैशाने धीट.
आनू बाकावर बसून पंख्याची पाती मोजत होता.
तीनच होती.
तो पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होता.

वरचा मळा उल्हासला गेला.
पाटाकडचा, घरासकट, आनूचा राहिला.
म्हणजे माझ्या नावावर, पण माझा नाही.

आईचं मृत्युपत्र त्याआधीचं, बारा वर्षं जुनं.
खाली सही नाही, अंगठा.
वर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात
तिचं बोलणं जसंच्या तसं:
माझ्या पाटल्या, आनूला जो न्हाऊ घालील त्याला.
नाव नाही. तारीख नाही.
वहिनीने माझ्याकडे बघितलं,
मी माझ्या हातांकडे.
चवथीला येते मी मडगावहून, दोन दिवस राहते,
त्याला नवा शर्ट आणते, गळ्याला घट्ट होणारा.

आनूला न्हाऊ घालतो फोंडू गावडे.
पोफळीवर चढतो, सुपारी पाडतो,
खाली उतरून अंगावरची माती झाडतो
आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाच्या
कानामागचा साबण पुसतो.
कागदांत त्याचं नाव एकदाच आहे,
मजुरीच्या थकबाकीत.

मी पाटल्या रुमालात बांधून नेल्या.
तो पायऱ्यांवर बसून कोयत्याला धार लावत होता.
“हांव पाटल्यो घेवन कितें करूं?”
मग बराच वेळ धारच लावली.
मुलीचं लग्न झालंय, म्हणाला, बायको घालत नाही सोनं.
माझे गुडघे गेले की जो येईल त्याला द्या.
आणि हवं असेल तर
न्हाणीची फरशी बदला,
निसरडी झालीय, परवा दोघेही पडलो असतो.

कोणी सांगितलंच नव्हतं मला.
मी विचारलंही नव्हतं.

पाटल्या पुन्हा लॉकरमध्ये गेल्या,
अजून न आलेल्या कुणासाठी.
संध्याकाळी वही उघडली.
जमेची बाजू कोरी ठेवली, ठेवीचं व्याज मार्चला येईल.
समोर लिहिलं: फरशी, खडबडीत, बारा चौरस फूट.
त्याखाली: मजुरी, फोंडू, थकबाकीसकट.
त्याखाली बसचं भाडं लिहिलं,
मडगाव ते फोंडा, फोंडा ते सावई,
आणि खोडलं.