तिसरा हात

आधी कुणीतरी प्लास्टिकचा रंग फासला होता,
ब्याऐंशी साली, टिकाऊ म्हणून.
आत ओल कोंडली. पोपडे धरले. कमरेएवढ्या उंचीवर लोणा,
बोटाने चाटला तर खारट.
मी चाटला. आमच्या धंद्यात चाटावं लागतं.

भिंतीला कान असतात म्हणे.
मला विचाराल तर तिचं नाक जपावं.

महिनाभर नुसतं खरवडणं.
पिवळ्याखाली निळसर, निळसराखाली विटकरी,
त्याखाली एका जागी धुराचा काळा.
किल्ली सांभाळणारे बेर्नाट वेक्सलर
त्याबद्दल काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

काचेची नळी लांबीने डकवून पाणी भरलं,
किती पिते, किती वेळात.
अख्खी नळी चार मिनिटांत घटाघट.
दोरिनेल परांचीवरून ओरडला,
"म्हातारीला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं वाटतं!"

चुना क्लुजहून आणला, तीन वर्षं खड्ड्यात मुरलेला.
पहिला हात पातळ, निवळीसारखा.
दुसरा आडवा.
तिसरा उभा, पाणी परतवणारा. डोळ्यांना दिसत नाही.
आतली वाफ बाहेर जाऊ देतो,
बाहेरच्याला आत घेत नाही.
ते ऐकून वेक्सलर हसले:
"असं दार आम्हाला चव्वेचाळीस साली हवं होतं."

तिसऱ्या हाताच्या सकाळी ते काठी टेकत आले.
सिनेगॉगच्या दाराशेजारी भिंतीला हात लावून
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत माप दाखवलं,
एकदा आडवं, एकदा उभं.
"एवढं सोडा."
का, ते कळेना.
"फार पूर्वी एक मोठं घर पाडलं गेलं आमचं.
त्याची आठवण म्हणून भिंतीचा एवढा तुकडा कोरा ठेवतात.
रीत राहत्या घरातली, आतल्या भिंतीची.
पण आत आता कोण बघणार?
रस्त्यावरून दिसू दे."

मी वॉरंटी समजावली. दहा वर्षं,
पण एक इंचही सुटता कामा नये.
"दहा," ते म्हणाले. "मला एक्क्याण्णव."

दोरिनेलने तोवर कागदी पट्टी लावून
चौकोन आखलासुद्धा होता.

ऑक्टोबरात पाऊस आला, नदीकडून तिरपा.
मी रस्त्यापलीकडे बेकरीच्या छपराखाली थांबलो.
भिंतीवर पाणी ठरेना.
चौकोन तेवढा भिजला, गडद झाला,
आणि दुपारी कडांकडून आत आत
सावकाश वाळत गेला.

अहवालात रकाना होता: न रंगवलेलं क्षेत्र.
चौरस सेंटिमीटरमध्ये, असं खाली बारीक छापलेलं.
मी लिहिलं, एक हात.