सातवा पाय

आठ पायांवर उभं आहे आमचं स्टेशन.
त्यातला सातवा हट्टी,
दर हिवाळ्यात इतरांपेक्षा चार बोटं जास्त खचतो.
जूनमध्ये यॅल्टे पाणसळ लावतो,
बुडबुडा कडेला पळालेला बघतो,
डॅनिशमध्ये एक शिवी हासडतो,
आणि आम्ही जॅक काढतो.

एकेक पाय उचलायचा, खाली बर्फ ठोकून भरायचा,
परत टेकवायचा हळूच,
कुत्र्याच्या पंजात अडकलेला खडा काढताना
त्याचा पाय धरावा, तसा.
जगात सगळीकडे सांगतात, पाय रोवून उभं राहा.
इथे रोवलेलं सगळं बुडतं.
आमच्याखाली एकवीस मीटरवर जुनं स्टेशन आहे,
त्याच्या स्वयंपाकघरात अजून मार्च चालू आहे.

मी इवालू. उपर्नाविकची. इंजिनघर माझ्याकडे.
दोन जनरेटर : एक चालतो, एक वाट बघतो.
तेलाचं एक पिंप इथवर उडवून आणायला
दीड पिंप तेल जळतं.
पहिल्या वर्षी हा हिशेब मी तीनदा केला,
कुठेतरी चुकला असेल म्हणून.

पवनचक्की आहे. वारा तर नको तितका.
पण पात्यांवर बर्फाची साय धरते
आणि ती थरथरत उभी राहते, कामाची नाही.
उन्हाळ्यात सूर्य डोक्याभोवती फिरत राहतो,
पॅनेलं चारी भिंतींवर टांगलीत त्याच्यासाठी.
नोव्हेंबरनंतर त्याच काळ्या काचांत
फक्त माझ्या कपाळावरचा दिवा दिसतो.

इंजिनाची ऊब आम्ही वाया घालवत नाही.
तिच्यावर बर्फाचं पाणी होतं, बॅटऱ्या तगतात,
चौदा जणांचे मोजे वाळतात.
लोक पैसा पाण्यासारखा खर्च करतात म्हणे;
आम्ही पाणी पैशासारखं मोजतो.
आणि सगळ्यात जास्त वीज कशाला लागते, सांगू?
बर्फ थंड ठेवायला.
रान्वानं सातशे मीटर खालून काढलेल्या कांड्या
जुलैत खंदकात घाम धरतात.
ती कांडी दिव्यासमोर धरते, राखेची एक रेघ दाखवते :
कुठलातरी डोंगर पेटला होता.
आमचा धूर मात्र तिला नमुन्यात नको असतो.
ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला अर्धा तास चालत जाते,
जिथे मी नाही.

फेब्रुवारीत एकदा तेलाचं मेण झालं.
तीन वाजून दहा मिनिटांनी इंजिन थांबलं,
दुसरं खोकलं आणि गप्प.
आवाजाने नाही, आवाज गेल्याने
चौदाही जण जागे झाले.

मलिकनं कालच्या सीलच्या सूपचं पातेलं
स्टोव्हवर चढवलं,
मी टॉवेल त्यात बुडवून फिल्टरला गुंडाळत राहिले.
एक टॉवेल, दुसरा, परत पहिला.
कुणी बोलत नव्हतं.
तेव्हा खालून आवाज आला,
कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा.

समुद्राच्या बर्फावर पाऊल टाकण्याआधी
वडील काठीने ठोकायचे आणि मान कलती करायचे.
मला घाई असायची. ते म्हणायचे, अजून त्याचं बोलून झालं नाही.
मी पाना घेऊन खाली उतरले,
सातव्या पायावर ठोकला, कान लावला.
कानाची पाळी लोखंडाला चिकटली.
चार वर्षं मी या घराचा दिवा सांभाळतेय
आणि ते कशावर टेकलंय
हे त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते.

इंजिन लागलं. दिवे आले.
सगळे एकमेकांकडे बघून जरा ओशाळले,
अंधारात हात धरले होते म्हणून.
इंजिनघरात आठवडाभर सीलचा वास राहिला.

नोंदवहीत मी लिहिलं :
०३.१० बंद. ०३.५१ चालू. कारण, थंडी.
मग थोडं थांबून, त्याच ओळीत :
सातवा पाय. यंदा पाच बोटं.
यॅल्टेला सांगायचं, शिवी देण्याआधी ठोकून बघ.