तिसरी शिफारस

साकोलीच्या फाट्यावर, खताच्या दुकानाला लागून,
निकेश लांजेवारचं सेवा केंद्र.
सातबारा, जातीचा दाखला, रेल्वेचं तिकीट
आणि आज, पहिल्यांदाच, पोस्ट-डॉक फेलोशिप.

"पीएचडीच्या पुढं अजून असते का वो ताई?"
तो विचारतो, स्कॅनरवरची धूळ बाहीनं पुसत.
असते, म्हणते मी. दोन वर्षांची असते.
"मंग पुढं?"
मग पुन्हा जाहिरात बघायची असते.
तो हसतो. त्याची पोलीस भरती चौथ्यांदा हुकली आहे,
त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वयाची अट पस्तीस.
अर्जाची मुदत तीस डिसेंबरला संपते,
एकतीसला मला पस्तीस पुरी होतात.
एका दिवसाचा धुरा.
धुऱ्यावरूनच चालत आले आजवर,
दोन्हीकडे दुसऱ्याचं धान.

संशोधनाचा विषय, तीनशे शब्दांत:
लाखोळीतलं विष.
धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकलेली,
नांगर न लागता उगवणारी ती निळ्या फुलांची डाळ,
तिच्यातलं एक आम्ल, जे पायांत उतरतं
आणि तिथंच घर करतं.
मी लिहिते रेणूचं नाव, मोजमापाची पद्धत, आलेख.
शेजारचे तानबाजी भेंडारकर
दोन काठ्यांवर बोडीकडं कसे जातात,
गुडघे कात्रीसारखे एकमेकांत अडकवत,
ते इथं बसत नाही.
त्यासाठी खाली रकाना आहे, 'सामाजिक उपयुक्तता'.
शंभर शब्द. ऐच्छिक.

शिफारस करणारे तीन.
पहिले माझे गाईड, देवतळे सर, निवृत्त,
फोन उचलत नाहीत पण पत्र देतात.
दुसऱ्या हैदराबादच्या मॅडम,
एका परिषदेत चहाच्या रांगेत भेटलेल्या.
तिसरी व्यक्ती: उमेदवाराचं काम जवळून ओळखणारी,
नात्यातली नसावी, संस्थेचा ईमेल अनिवार्य.

आई लाखोळी गरम पाण्यात भिजवते,
रात्रभर ठेवते, पाणी उकिरड्यावर फेकते,
परत भिजवते, परत फेकते.
कोणी शिकवलं? म्हणते, सासूनं.
आणि सासूला? म्हणते, तिच्या भावाच्या पायानं.
माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला पाच वर्षं लागली
हेच सांगायला,
दशांश चिन्हापुढं दोन आकडे लावून.

तिसऱ्या जागी मी प्राचार्यांचं नाव टाकते.
त्यांच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते मी,
माझं काम त्यांना बिलाच्या कागदावरून माहीत आहे:
महिन्याचे तास, गुणिले दर.
मार्चपासूनचं त्यांनी अजून सही केलेलं नाही.

फाइल दोन एमबीपेक्षा मोठी.
निकेश माझा प्रबंध दाबत जातो,
दाबता दाबता फुलांचा निळा राखाडी होतो.
"चालते का ताई?"
चालते.
वीज जाते. येते. पडद्यावर चाक फिरत राहतं
आणि बाहेर कोणीतरी युरियाचा भाव विचारतं.

अर्जाचा क्रमांक तो बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहून देतो.
मधेच पेन संपतो. तो दाबून लिहीत राहतो.
शेवटचे चार आकडे, शाईशिवाय,
नुसते उमटलेले.

एसटीत खिडकीशी बसून
मी तो कागद उजेडाला तिरपा धरते,
बोटानं चाचपते.
सात.
नाही, एक.
सात.