चाकं आत घेताना

उगावला, पाण्याच्या टाकीमागं,
धुरा बाभळीच्या ओंडक्यावर टेकवला.
जॅक किरकिरला
आणि ब्याऐंशी सालचं लोखंड वीतभर उठलं,
म्हशीनं मन नसताना उठावं तसं.

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं सासऱ्यांच्या.
टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत
चौसष्ट इंच. हवेत बावन्न.
आठ फुटी बाग लावायचं मीच ठरवलं,
तेव्हा निवृत्तीअण्णा काही बोलले नाहीत.
आत्ताही टेप सोडतात, एवढंच.
पट्टी सळकन येऊन माझ्या अंगठ्यावर आदळते.

नटांना रात्रीच डिझेल पाजलं होतं.
सात सुटले.
आठवा ऐकेना.
शफी मिस्त्रीनं पान्यात बोअरचा पाइप अडकवला,
त्याचा पोऱ्या पाइपावर उभा राहून नाचला,
मी शिव्या दिल्या, ज्या सुनांनी द्यायच्या नसतात.

"थांबा," अण्णा म्हणाले.
"टाका मारलाय त्याला.
मीच. एकोणनव्वदला.
पुन्हा कुणी हलवू नये म्हणून."

मिस्त्री हसला नाही. पोऱ्या हसला.
अण्णांनी छन्नी मागून घेतली,
मातीत मांडी घातली,
आणि आपलाच टाका शोधत राहिले
चष्मा कपाळावर सारून, नखानं गंज खरवडत.
अकरा घाव. मी मोजले.
बारावा मारायची वेळ आली नाही.

मग डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे.
"जागच्या जागी उलटं केलं तर दात उलटे पडतील,
चिखलात बसला की उठायचा नाही," शफीभाई सांगतो.
आणि जाताना, पैसे मोजता मोजता:
"रुंद होता तोवर माफ करायचा.
आता बांधावर वळवताना जपा, वहिनी."

खरंच डोलतो.
बसल्यावर उंच वाटतं,
कुणाच्या तरी खांद्यावर बसल्यासारखं.

संध्याकाळी पहिल्या ओळीत घातला.
दोन्हीकडे दीड-दीड वीत मोकळी,
एक पान मडगार्डला लागत नाही.
तरी अण्णा पुढं, पाठमोरे चालत नाहीत,
माझ्याकडे तोंड करून मागं मागं सरकतात,
दोन्ही तळवे उघडे:
ये. ये. अजून ये.

"जरा उजवीकडे," ओरडतात इंजिनाच्या वर.
काही गरज नसते.
मी स्टिअरिंग बोटभर फिरवते.