हातचे दिवस

रॉदरहॅमच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मी रजांचा हिशेब ठेवते.
आमच्याकडच्या एकशे बारा माणसांचा,
आणि मालक एकच झाल्यापासून
ओहायोतल्या डेटनच्या नव्वदांचाही.
झडपा दोन्हीकडे त्याच. तेच पितळ, तेच आटे,
करंगळीला लागतं तेही त्याच जागी.

ग्लेनिस ऑल्ड्रॉइडच्या नावापुढे अठ्ठावीस.
त्यातले आठ सरकारी,
त्या दिवशी अख्खं गाव फर्निचरच्या दुकानात.
चौदा ती सप्टेंबरात टेनेरीफला नेते.
एकवीस वर्षं तेच हॉटेल,
तलावाच्या कडेची तीच खुर्ची,
पहाटे उठून टॉवेल टाकून अडवलेली.
येते ती नाक सोलून.
"कसं होतं?"
"गरम. चहा म्हणजे नुसतं धुवण."
आणि त्याच दुपारी
पुढच्या वर्षीचे चौदा माझ्याकडे मांडून जाते.

डॅरल पकेटच्या नावापुढे दहा.
आजारपणही त्याच टोपलीत.
तिथे कायदा काही देत नाही, देते ती कंपनी;
म्हणून ग्लेनिस रजा घेते
आणि डॅरल रजा मागतो.

जानेवारीत दोन : आई वारली, केंटकीत.
रात्रभर गाडी हाकत गेला, रात्रभर हाकत आला.
मार्चमध्ये एक : घर तापवायची भट्टी बंद,
मिस्त्री किती वाजता येईल, नेम नाही.
मेमध्ये तीन : लेकीचं बाळंतपण.
जूनमध्ये अर्धा : दाढ.
अर्धा!
आमच्याकडे अर्ध्या दिवसाला कुणी ओळखही देत नाही.

उरले साडेतीन.
ते तो हातचे म्हणून ठेवतो,
शाळेत बेरीज करताना
आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहायचो तसे.

मंगळवारी आमचे दोन वाजतात, त्याचे नऊ,
तेव्हा तो पडद्यावर येतो.
अकरा राज्यांतले रस्ते त्याला तोंडपाठ :
भावाचं बिऱ्हाड हलवलं, भाचीचं लग्न, कुणाची माती.
पासपोर्ट नाही. साठीला आला, समुद्र नाही पाहिला.
कॅरोलायनापर्यंत जायला एक, यायला एक,
मध्ये दीड.
"ग्लेनिस, तू तर दरसाल जातेस. दीड दिवस पुरेल का गं समुद्राला?"
ग्लेनिस पहिल्यांदाच गप्प बसलेली मी पाहिली.

नोव्हेंबरात नातवाला ताप. तीन गेले.

मग ग्लेनिस कप हातात घेऊन वर आली.
"माझ्यातले दोन त्याला दे."
मी पडदा वरखाली केला. असा रकाना नाही.
"पाच तासांचा फरक आहे ना दोघांत?
त्यातच बसव कुठंतरी."
बसवून पाहिले. आकडे लाल झाले.
पौंडाचे डॉलर होतात,
दिवसाचा दिवस होत नाही.
जिना उतरताना ती जे बोलली
ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि आपला मोठेपणा तरी किती सांगावा?
माझे स्वतःचे सहा दिवस
दर मार्चअखेर बुडतात.
कुणी आजारी नाही, कुणी बोलावत नाही,
ब्रोशर चाळते, पुन्हा खणात ठेवते.
त्यांनाही रकाना नाही.

डिसेंबरात एक फोटो आला.
राखाडी पाणी, कुंपणाची तार,
टोपी कानांपर्यंत ओढलेला डॅरल
आणि कडेवर नातू, नाक वाहतंय.
खाली लिहिलं होतं :
ईरी सरोवर. रविवारी पहाटे निघालो, रात्री घरी.
समुद्र नव्हे, माहीत आहे.
पण पलीकडचा काठ दिसत नाही.

ग्लेनिसनं तो किटलीमागच्या भिंतीवर लावलाय.
वाफेनं त्याचा एक कोपरा वळलाय.
त्याच्या खात्यात अजून अर्धा शिल्लक आहे.
रविवार मी मोजत नाही.