पाऊण टन

होटगी रोडच्या शेडमध्ये उभी आमची पत्र्याची खोली,
दोन चाकांवर, जीपमागे ओढायची.
एप्रिल. दुपारचे दोन. पारा चव्वेचाळीस.
छताला बोट लावलं, तर तवाच.

"दीड टन घ्या," दुकानदार म्हणाला होता,
"सोलापूर आहे, मॅडम."

इरण्णा गज्जम टेप घेऊन आत शिरला.
शर्ट पाठीला चिकटलेला, तरी घाई नाही.
लांबी चौदा, रुंदी सात, उंची साडेसहा.
खिडक्या मोजल्या. पश्चिमेची दोनदा.
आधी छताखाली थर्माकोल भरा म्हणाला, मशीनचं मग बघू.

"मोठं मशीन दहा मिनिटांत गार करतं
आणि गप्प बसतं. इथं चालेल, इथलं ऊन कोरडं.
गुहागरला न्याल, तर गारठालही आणि चिकचिकालही.
शिवाय तुमचा जनरेटर
सुरू होतानाच मान टाकेल."

मग कानामागची पेन्सिल काढत:
"झोपणार किती जण?
माणूसपण तापतो, धरावा लागतो."

गाडीचं वेड ह्यांचं. नकाशेही ह्यांचेच,
अजून ड्रॉवरमध्ये, घडी न मोडलेले.
मी म्हटलं, "दोन."
मग म्हटलं, "एक."

त्यानं वर पाहिलं नाही.
आकडा खोडला, पुन्हा बेरीज केली,
आणि खाली तेच लिहिलं, पाऊण टन.
"एका माणसानं फारसा फरक पडत नाही," म्हणाला,
"पत्र्याच्या हिशेबात."

थर्माकोल कुठं मिळेल,
ते विचारायचं राहिलंच.